तळ्याकाठून दिसणारी मुंबई

सहामाही परीक्षेच्या मराठीच्या पेपरात मी बहुधा दरवर्षी एक निबंध घालतो : ‘शहर बरे की खेडे?’ विषय जुना आहे आणि मुलांची उत्तरे त्याहून जुनी असतात. वास्तविक महाडच्या मुलांना मुंबई परकी नाही. कोणाचा काका परळला असतो, कोणाची आत्या विरारला, कोणाचा बाप चेंबूरहून सणासुदीला तेवढा येतो. तरी उत्तरपत्रिका उघडल्या की सगळ्यांची मुंबई एकाच छापाची निघते. गर्दी, धूर, धावपळ, आणि शेवटी ठरलेले वाक्य : तेथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. खेड्यात मात्र झुळझुळ वाहणारा ओढा आणि मायेची माणसे! हा सारा प्रताप गाइडाचा, हे मला ठाऊक असते. मुलांवर राग धरण्यात अर्थ नसतो.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाने मात्र भलतेच लिहिले. मुंबईत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, म्हणूनच आपल्या पणजोबांना मुंबई आवडली, असे त्याचे म्हणणे होते. तेवढे एक वाक्य लिहून स्वारी थांबली होती. मी दहांपैकी चार गुण दिले आणि ‘विस्तार हवा’ असा शेरा मारला. संध्याकाळी घरी परतताना माझी वाट चवदार तळ्यावरून जाते. तेथे पोहोचेपर्यंत मला कळून चुकले होते, की विस्तार त्या मुलाने नव्हे, मास्तरांनीच करायला हवा होता. तो आज या दिवाळी अंकाच्या पानांत करीत आहे.

आपल्या ललित वाङ्मयातली मुंबई पुष्कळ अंशी माझ्या वर्गातल्या त्या उत्तरपत्रिकांसारखी आहे, असे म्हटले तर रसिकांनी रागावू नये. कोकणातून पोटासाठी बोटीने वा रेल्वेने मुंबईला गेलेला मराठी माणूस लिहू लागला, की त्याची लेखणी बहुधा मागे वळून पाहते. जयवंत दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ १९६४ साली आले. हे पुस्तक मी किती वेळा वाचले याचा हिशेब नाही, आणि प्रत्येक वेळी हसता हसता घसा दाटून आला आहे. त्यातले गाव मात्र मुंबईच्या खिडकीतून आठवलेले गाव आहे. (याच दळवींनी १९६३ साली ‘चक्र’मध्ये झोपडपट्टी लिहिली, हेही विसरू नये. मोठा लेखक एका वाक्यात मावत नाही.) १९५८ साली आलेली पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ ही तर मुंबईवरच्या प्रेमाची आपली सर्वांत लाडकी पोथी. पण नीट पाहिले तर तेथे प्रेम कशावर आहे? सारे एकमेकांचे लोणचे-पापड, लग्ने-मुंजी, रुसवेफुगवे ओळखून आहेत, यावर. म्हणजे चाळ आवडते ती शहर म्हणून नव्हे, तर शहरात उतरवून घेतलेली वाडी म्हणून. आणि ती वाडी मोडू लागली की लेखकाचा जीव हळहळतो. ही हळहळ खोटी नाही. माझ्याही घरात ती आहे.

परंतु ज्याला मूळच्या वाडीत सारेच ओळखत होते आणि त्या ओळखीचाच ज्याला जाच होता, त्याने काय करावे? त्याला नव्या शहराचा लळा लागला तर तो कोणत्या वाटेने लागेल? या प्रश्नाचे उत्तर शोधायला चवदार तळ्याच्या पायऱ्यांएवढी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल.

तळ्याची हकिगत शाळकरी मुलांनाही पाठ असते. मी ती केवळ एका कारणासाठी थोडक्यात सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला, ओंजळ मात्र कोरडी राहिली. १९२७ च्या मार्चमध्ये १९ व २० तारखेला परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. मग मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आला, आणि मुंबई हायकोर्टाचा अखेरचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. पाणी महाडचे, पण ठराव मुंबईचा, निकाल मुंबईचा, आणि चळवळीतली पुष्कळशी माणसेही गिरण्यांच्या आणि गोदीच्या मुंबईत वावरलेली. सावित्रीच्या खाडीवरून दासगावच्या बाजूने जो माणूस मुंबईला गेला होता, तो तेथून काहीतरी घेऊन परत आला होता. काय घेऊन आला, हे आपल्या समीक्षेने फारसे विचारलेले नाही.

अशा माणसांत पहिले नाव रामचंद्र बाबाजी मोरे यांचे घ्यावे लागते. १९०३ साली महाड तालुक्यातल्या लाडवलीत त्यांचा जन्म झाला. याच मुलखात दासगावला गोपाळबाबा वलंगकर पेन्शनीनंतर येऊन राहिले होते आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले होते. म्हणजे लेखणीचा वारसा गावचाच. मोरे स्कॉलरशिप मिळवून आले, तरी महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना घेतले नाही. त्या पोराने वर्तमानपत्राला पत्र धाडले, ते छापून आले आणि शाळेचे दार उघडले. पुढे मुंबई, गोदीतली मजुरी, कामगारवस्ती, चळवळ. आणि त्याच मोऱ्यांनी महाडच्या परिषदेची जुळवाजुळव केली. उतारवयात त्यांनी आत्मकथन लिहायला घेतले, ते अपुरे राहिले. १९७२ साली ते वारले. पुढची कहाणी त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहून पुस्तक पुरे केले.

मोऱ्यांचे लिखाण ‘साहित्य’ म्हणून वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ते चळवळीच्या कपाटात ठेवतात. मला ती चूक वाटते. नव्या शहरात रुळण्याची इतकी निर्मळ हकिगत मराठीत थोडी आहे. या लेखकाला मुंबईचे कौतुक करायचे नाही की तिला शिव्याही घालायच्या नाहीत. त्याला सांगायची घाई आहे. अनोळखी माणूस भेटतो, काम मिळते, काम सुटते, कोणी जागा देतो, कोणी फसवतो. आणि वाचता वाचता आपल्या ध्यानात येते, की या माणसाचा पाय शहराच्या रस्त्यावर आता घरच्यासारखा पडतो आहे. लळा लागल्याचे तो कोठेच म्हणत नाही. जरा थांबून एखादा रस्ता, एखादा चेहरा रंगवला असता तर बरे झाले असते, असे कादंबरीकार म्हणून मला अनेकदा वाटले. पण थांबणे हा सवडीचा गुण आहे आणि सवड कोणाला होती, हेही पाहावे लागते.

बाबुराव बागूल यांचा मार्ग नेमका उलटा. नाशिकजवळच्या विहितगावी १९३० साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मुंबईत माटुंग्याच्या लेबर कँपात आला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेजवळ उधन्याला जातो. नवे गाव, नवी नोकरी, आणि पहिली अडचण खोलीची. कोण, कुठला, असे विचारल्यावर तो जात सांगत नाही. तो सांगतो, की मी मुंबईकर.

या एका उत्तरापाशी मी वर्गात मुलांना थांबवतो. आपल्या कोकणात ‘कर’ हा प्रत्यय माणसाला गावाला बांधतो. पोलादपूरकर, बिरवाडीकर, दासगावकर म्हटले की गाव कळते. गाव कळले की वाडी आणि वाडी कळली की बाकीचे सगळे. आडनाव हे आपल्याकडे विचारपूस करण्याचे हत्यार आहे. बागुलांच्या नायकाने तोच प्रत्यय उचलला आणि त्याला असे स्थळ जोडले की पुढचा प्रश्न अडावा. मुंबईला वाडी नाही! शहरावरचे प्रेम व्यक्त करणारे याहून मोठे वाक्य मला मराठी गद्यात आठवत नाही, आणि त्यात ना समुद्र आहे, ना राणीचा हार.

पण कथा तेथे थांबत नाही, आणि बागुलांचे मोठेपण त्यात आहे. ते उत्तर टिकत नाही. जात उघडकीला येते, माणसे मारायला धावतात, आणि मुंबईहून आलेला दुसरा एक तरुण, काशिनाथ, त्याला सोडवतो. शहराने दिलेले नाव शहराबाहेर चालले नाही. चालले ते शहरातले माणूस. मला या कथेचा एक दोष मात्र लपवता येत नाही. नायक बोलू लागला की पुष्कळदा सभेत उभा असल्यासारखा बोलतो. जेथे एका शब्दाने काम केले, तेथे दहा शब्द येतात. माझ्या एका मित्राचे म्हणणे असे, की ज्यांना शतकानुशतके बोलू दिले नाही त्यांच्या बोलण्याची लांबी मोजू नये. त्याचे म्हणणे मला माणूस म्हणून पटते. वाचक म्हणून अर्धेच पटते.

तेव्हा मुंबईत जात नव्हती काय? हा भाबडेपणा कोणी करू नये. गिरण्यांच्या साचेखात्यात, जेथे मजुरी अधिक, तेथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता; कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. नळ शहराचा असला तरी चाळ माणसांची होती. शहराने विटाळ बुडवला नाही. त्याने फक्त अशा पुष्कळ जागा उघडल्या, जेथे क्षणभर तो विचारता येत नाही. ट्रॅममध्ये, धक्क्यावर, रात्रशाळेच्या बाकावर.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) या ‘क्षणभरा’चे पुस्तक आहे. अकोले तालुक्यातले धामणगाव आणि मुंबईतला कावाखाना या दोहोंत त्याचा झोका सतत हेलकावत असतो. कावाखान्यात काय आहे? एकाच खोलीत आडोसे करून राहणारी बिऱ्हाडे, रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा वेचायला जाणाऱ्या बायका, शेजारीच जुगार आणि वेश्यावस्ती. सणाच्या दिवशी घरातल्या मंडळींसमोर मोठ्याने वाचावे असे हे पुस्तक नव्हे, हे मी मोकळेपणी सांगतो. पण सण सरल्यावर घरातल्या थोरांनी जरूर वाचावे. गंमत अशी, की पवार मुंबईवर माया करतो असे कोठे म्हणत नाहीत, उलट स्वतःलाच दोन नावांत फोडून एकाने दुसऱ्याला जाब द्यावा तसे लिहितात. तरीसुद्धा कावाखान्यातली माणसे, त्यांची कामे, त्यांची भांडणे जेव्हा ते एकामागून एक मांडू लागतात, तेव्हा त्यांचे गद्य एकदम सैल आणि सुखी होते. ज्या जागेची आपण इतकी बारीक मोजदाद ठेवतो ती जागा आपल्याला नकोशी नसते. टीकाकारांनी ‘बलुतं’मधले दुःख पुष्कळ मोजले, हे सुख मोजायचे राहिले.

बाईच्या वाट्याला आलेले शहर निराळे. ते पाहायला उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) घ्यावे. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या बायका डोक्यावर ओझे घेऊन डोंगरवाटेने बाजाराला जातात, तेथून हे पुस्तक सुरू होते. आयदान म्हणजे आईने विणलेल्या बांबूच्या वस्तू. पुढे मुंबई येते आणि तिच्याबरोबर नोकरी, एम. ए.चा अभ्यास, सभा, मैत्रिणी. पण पुरुषांना मुंबईने ‘तू कोणाचा’ या प्रश्नातून थोडे सोडवले, तर बाईसाठी तो प्रश्न दाराच्या आत येऊन बसला होता : एवढा वेळ कुठे होतीस? लेखिकेने हे रडून सांगितलेले नाही, चांगले हसून सांगितले आहे. तिची मुंबई तिला मिळाली ती घरात नव्हे आणि कचेरीतही नव्हे, या दोहोंच्या मधल्या वाटेवर. चौघांपैकी विनोद फक्त हिच्याकडे आहे, आणि शहर अंगवळणी पडल्याची विनोदाइतकी पक्की खूण दुसरी नाही. नव्या गावी आपण आधी घाबरतो, मग तक्रार करतो, आणि पुष्कळ दिवसांनी एकदा त्या गावाची थट्टा करू लागतो.

चौघांची पुस्तके एका रांगेत ठेवली की त्या मुलाच्या पणजोबांचे वाक्य मला नीट वाचता येते. शहराचा लळा म्हणजे गावाचा विसर, असे आपण धरून चाललो होतो. मोऱ्यांना मुंबईचा लळा लागला आणि ते मुंबईहून महाडला तळ्यासाठी परत आले. ज्याला नळाच्या पाण्याची सवय झाली, त्यालाच तळ्याचे पाणी मागावेसे वाटले. आजही २० मार्चला तळ्यावर मुंबईकडून गाड्या भरभरून लोक येतात. पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या बाया ओंजळीने पाणी डोळ्यांना लावतात आणि लगेच परतीच्या गाडीची चौकशी करतात, कारण दुसऱ्या दिवशी नातवाची शाळा असते, सुनेची पाळी असते. त्यांना महाडला राहायचे नसते. महाड आपले आहे, एवढे पाहून जायचे असते.

यंदा हा लेख लिहायला घेतला तेव्हा त्या मुलाची उत्तरपत्रिका पुन्हा पाहावी, चाराचे आठ करावेत, निदान शेरा तरी खोडावा, असे मनात आले. कपाट उघडले. दोन वर्षांपूर्वीचे गठ्ठे रद्दीत गेले होते. मुलगाही दहावी होऊन मुंबईला गेला आहे, असे शिपाई म्हणाला. कुठे, ते त्याला सांगता आले नाही.