एकाच तक्त्यात दोन धंदे: ‘गामा’चा अहवाल वाचताना

रिसर्चची तयारी करताना आपण गृहीतक, सॅम्पल, टेस्ट यांवर भरपूर बोलतो. पण कुणीतरी आधीच गोळा केलेला डेटा वाचायचा कसा, यावर फारसं बोलणं होत नाही. म्हणून आज पुस्तकाची करतात तशी एका अहवालाची समीक्षा.

अहवाल आहे ‘जनरल एव्हिएशन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन’चा, म्हणजे ‘गामा’चा. शेड्यूलप्रमाणे चालणाऱ्या विमान कंपन्या आणि लष्कर वगळलं तर उरणारं बहुतेक सगळं नागरी उड्डाण म्हणजे जनरल एव्हिएशन. पायलट ट्रेनिंगचं छोटं विमान त्यात येतं, शेतावर फवारणी करणारं येतं आणि उद्योगपतींचं खासगी जेटही येतं. या क्षेत्रात किती नवी विमानं ग्राहकांच्या हाती गेली, हे ‘गामा’ दर तिमाहीला मोजते. या विषयावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण शेवटी याच आकड्यांकडे येतो.

आधी चांगलं ते सांगतो. आकडे कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार दिलेले असतात, जुनी वर्षं उपलब्ध आहेत आणि सगळं फुकट आहे. उद्योगसंघटनेकडून एवढा तपशील मिळणं दुर्मीळच. माझा आक्षेप तपशिलावर नाही, वरच्या ‘एकूण’ या ओळीवर आहे. आपण उचलतो ती नेमकी तीच ओळ.

हे आकडे बघा. २००७ मध्ये जगभरात ४,२७७ विमानं दिली गेली, २०१० मध्ये २,०२४. म्हणजे आर्थिक मंदीत संख्या निम्म्याहून खाली आली. पण विक्रीची रक्कम? सुमारे २२ अब्ज डॉलरवरून सुमारे २० अब्ज. धंदा निम्मा झाला आणि गल्ला फक्त दहा टक्क्यांनी घटला, हे कसं?

उत्तर पोटातल्या ओळींत आहे. पिस्टन इंजिनाची छोटी विमानं २,६७५ वरून ८८९ वर आली, म्हणजे तीनातली दोन गेली. बिझनेस जेट १,१३७ वरून ७६७ वर आली, तीनातलं एक गेलं. शिवाय ट्रेनिंगचं सेसना १७२ काही लाख डॉलरला मिळतं, तर गल्फस्ट्रीमचं मोठं जेट सहा-सात कोटी डॉलरला. एका जेटच्या पैशात शंभराहून जास्त छोटी विमानं येतात. त्यामुळे नगांची बेरीज मुख्यतः पिस्टनची गोष्ट सांगते आणि डॉलरची बेरीज जेटची. तक्ता एक आहे, पण आत धंदे दोन आहेत. त्यांचे ग्राहक, इंधन आणि कर्ज मिळण्याच्या अटी सगळं वेगळं.

आता २०२३ घ्या. पिस्टन १,६८२, जेट ७३०, रक्कम सुमारे २३ अब्ज डॉलर. २० चे २३ झाले म्हणजे वाढ झाली ना? इथे थांबायचं. हे चालू किमतीचे डॉलर आहेत. २०१० ते २०२३ या काळात अमेरिकेत ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. २०१० चे २० अब्ज म्हणजे २०२३ चे २८ अब्ज. तेव्हा खऱ्या अर्थाने रक्कम घटलीय आणि जेटची संख्यासुद्धा २०१० पेक्षा कमीच आहे. ग्राफ वर जातोय म्हणून आपण ‘क्षेत्र तेजीत’ असं लिहून मोकळे होतो, आणि त्यावर उभं राहिलेलं अख्खं प्रकरण डळमळतं.

दुसरा आक्षेप जुन्या आकड्यांच्या वापरावर. १९७८ मध्ये १७,८११ विमानं आणि १९९४ मध्ये ९२८, हा उतार फार प्रसिद्ध आहे. पण हे दोन्ही आकडे अमेरिकेत बनलेल्या विमानांचे आहेत. त्यांच्या शेजारी २०२३ चे जागतिक ३,०५० ठेवून एकच रेघ ओढली, तर मधेच मोजायचं मापच बदललेलं असतं.

या उताराचं ठरलेलं स्पष्टीकरण म्हणजे कोर्टकचेऱ्या. अपघातानंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांनी कंपन्यांचं कंबरडं मोडलं, सेसनाने १९८६ मध्ये पिस्टन विमानं बनवणं थांबवलं, १९९४ च्या कायद्याने १८ वर्षांहून जुन्या विमानांबाबत उत्पादकाची जबाबदारी संपवली आणि मग सेसना परतली. यात तथ्य आहे. पण वर्षं तपासा. १९८२ मध्येच आकडा ४,२६६ वर आला होता, म्हणजे तीन चतुर्थांश घट तोवर होऊन गेली होती. त्या चार वर्षांत दुसरा तेलधक्का बसला, मंदी आली आणि अमेरिकेत कर्जाचे दर २० टक्क्यांवर गेले. कायद्यानंतर विक्री वाढली, पण जुन्या उंचीच्या जवळपासही गेली नाही. दावे हे एक कारण असू शकतं. ‘एकमेव कारण’ म्हणायला हा डेटा पुरत नाही.

तिसरा आक्षेप ‘प्रदेश’ या शब्दावर. अहवालातला प्रदेश म्हणजे विमान पहिल्यांदा कुठे दिलं गेलं ते ठिकाण. ते का घेतलं, हे त्यातून कळत नाही. अमेरिकेत छोटं विमान फ्लाइंग स्कूलही घेतं आणि हौशी मालकही. आपल्याकडे बारामती किंवा गोंदियाला दिसणारं छोटं विमान मुख्यतः विमान कंपन्यांसाठी पायलट घडवतं. म्हणजे आशियातला पिस्टनचा आकडा बऱ्याच अंशी प्रवासी विमान कंपन्यांच्या भरतीमागे धावणार. रकाना तोच, पण अर्थ बदलला.

तंत्रज्ञानाचंही तेच. युरोपात विमानाचं पेट्रोल महाग, म्हणून तिथे जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिनं रुजली. ऑस्ट्रियात सुरू झालेल्या डायमंड कंपनीची डीए४२ हे त्याचं उदाहरण. हीच कंपनी २०१७ पासून चिनी मालकीची आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटाची सिरस २०११ पासून. तंत्र एका खंडाचं, भांडवल दुसऱ्याचं आणि ग्राहक तिसऱ्याचा, हे ‘प्रदेश’ रकान्यात मावत नाही. आणि लोक घरी किट जोडून बनवतात ती विमानं तर या मोजणीत येतच नाहीत. एकट्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटमधून दहा हजारांहून जास्त विमानं उडालेली आहेत. छोट्या विमानांत नव्या प्रयोगांची मोठी जागा तीच, आणि तीच तक्त्याबाहेर.

मग अहवाल टाकून द्यायचा का? अजिबात नाही. याच्याइतकं चांगलं दुसरं काही सहज हाताशी नाही. फक्त ‘एकूण’ची ओळ झाकून वाचायला सुरुवात करा. पिस्टन आणि जेटचे ग्राफ वेगळे काढा, डॉलर एका वर्षाच्या किमतीत आणा, आणि मोजणीची व्याख्या कुठल्या वर्षी बदलली ते ग्राफवरच उभ्या रेघेने दाखवा. हे काम एका दुपारचं आहे. ते करून झाल्यावर तुमचा मूळ रिसर्च प्रश्न तसाच उरतो का, ते बघा. बहुधा तो बदलेल, आणि सिनॉप्सिस जमा करायच्या आधी बदललेला बरा.