पोटाचे ऑडिट

शोकांतिकेची चर्चा निघाली की आम्हां बी. कॉम. मंडळींना कोणी विचारीत नाही. भुते, खंजीर, स्वगते हा म्हणे बी. ए. वाल्यांचा प्रांत! पण शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस'चा पहिला प्रवेश खास आमच्या खात्यातला आहे.

पडदा उघडतो तो रोमच्या रस्त्यावर. हातांत सोटे घेतलेले उपाशी लोक. गाऱ्हाणे साधे : कोठारे भरलेली, आम्ही उपाशी, आणि कायदे निघतात ते सावकारांच्या सोयीचे. तेवढ्यात मेनेनियस नावाचे एक गोडबोले उमराव येतात नि इसापनीतीतली आपली जुनीच गोष्ट लावतात. हातपाय पोटावर रुसले. पोट म्हणाले, बाबांनो, मी घेतो ते वाटण्यासाठीच. पीठ तुम्हाला, मला नुसता कोंडा. हिशेब चोख आहे! इथे शेक्सपिअरने शब्द चक्क 'ऑडिट' असाच घातला आहे. आता मला सांगा, कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला, तोच ऑडिटर? अहो, बँकेची तिजोरीसुद्धा एका किल्लीने उघडत नाही.

गोष्ट ऐकून जमाव निवला, असे पुष्कळांना वाटते. मेनेनियसलाही वाटते. पण नीट वाचा. शहराच्या दुसऱ्या टोकाला जो जमाव होता, त्याने ही गोष्ट ऐकलीच नव्हती. पाच ट्रिब्यून, म्हणजे लोकांचे प्रतिनिधी, मिळवले ते त्याने! गोष्ट ऐकणाऱ्यांना काय मिळाले? त्यांच्या पुढाऱ्याला 'पायाचा अंगठा' ही पदवी. धान्य कोणालाच नाही. मग युद्धाची वार्ता येते आणि मार्शियस, म्हणजे पुढचा कोरिओलेनस, खुशीत येतो : शत्रूकडे धान्य रग्गड आहे, या उंदरांना तिकडे न्या! लोक हळूच काढता पाय घेतात.

प्लुटार्कने ही गोष्ट कर्जाच्या दंगलीत सांगितली होती. शेक्सपिअरने तिथे धान्य आणले. इंग्लंडच्या मध्य भागात १६०७ साली दंगे झालेच होते. आणि १५९८ च्या टंचाईत स्ट्रॅटफर्डला साठ्यांची मोजदाद झाली, तेव्हा खुद्द या नाटककाराच्या नावावर दहा क्वार्टर माल्ट निघाले होते. म्हणजे पोटाची बाजू त्याला घरचीच! तरीही सगळ्यांत धारदार सवाल त्याने त्या उपाशी नागरिकाच्या तोंडी दिले, हे त्याच्या जमेच्या बाजूला मांडायला हवे.

तेव्हा पोटाची गोष्ट जरूर ऐका, पण नजर त्या अंगठ्यावर ठेवा. चालायचे झाले तर भार त्याच्यावरच पडतो.