किंगरी, बाना आणि 'फिडल' : परधानांच्या वादनपरंपरेतील परिभाषेचा प्रश्न

नागपूरच्या महाल भागातील गोंड किल्ल्याचा उल्लेख शहराच्या राजकीय इतिहासात, विशेषतः १७०२ मध्ये नगर वसविणाऱ्या बख्त बुलंद शाहच्या संदर्भात, सातत्याने येतो. मात्र गोंडांच्या वंशकथा ज्यांनी मुखोद्गत राखल्या त्या परधान गायकांच्या वाद्याविषयी मराठी संगीतलेखनात फार थोडे आढळते. नागपुरातील मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोकथा नोंदविली; रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. शब्द टिकले, वादन मात्र टिपले गेले नाही.

नावापासूनच घोळ सुरू होतो. मंडला भागात परधानांचे वाद्य 'बाना', तर विदर्भ-तेलंगण सीमेवर ते 'किंगरी'. इंग्रजी वृत्तांतांनी दोहोंना 'फिडल' म्हटले आणि मराठी लेखकांनी त्याचे भाषांतर 'सारंगी' असे केले. हे भाषांतर सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. सारंगीला तीन मुख्य तारा व त्यांखाली पस्तीसच्या आसपास तरफा असतात. बोटांच्या नखांच्या मुळाशी तार रोधून स्वर काढला जातो. परधानांचे वाद्य तरफांविना, तीन तंतूंचे. तेथे गज गायनाला धरून चालतो आणि गायक श्वास घेतो तेथे कथेचा धागा सांभाळतो. मग 'मींड', 'गमक' या रागसंगीतातील संज्ञा येथे जशाच्या तशा लावण्याने काय साधते?

'किंगरी'चा संबंध 'किन्नरी'शी जोडण्याची प्रथाही तपासून पाहावी लागते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात रचलेल्या 'संगीतरत्नाकरा'तील किन्नरी वीणा पडद्यांची आणि छेडून वाजविण्याची आहे. गजाने वाजणारी पिनाकी त्याच ग्रंथात निराळी सांगितली आहे. शब्द एका वाद्यावरून दुसऱ्यावर सरकला असणे शक्य आहे, पण त्यावरून तंत्राची परंपरा सिद्ध होत नाही. भरताच्या तत, सुषिर, अवनद्ध व घन या चतुर्विध वर्गीकरणातही गजवाद्यांना स्वतंत्र स्थान नाही, हेही येथे विसरता येत नाही.

शामराव हिवाळे यांचा परधानांवरील ग्रंथ १९४६ चा. बाना हे निव्वळ साथीचे वाद्य नसून त्याच्या नादाने बडादेवाला आवाहन केले जाते, हे मंडला भागातील परधानांच्या परंपरेतून स्पष्ट होते. यामुळे 'साथ' हा शब्दही येथे तोकडा पडतो. अभ्यासकाने गज, घोडी, खुंटी यांची नावे प्रथम वादकाच्याच तोंडून, गोंडी आणि स्थानिक मराठीतून उतरवून घ्यावीत. शास्त्रीय संगीताच्या कोशातील शब्द त्यानंतर तपासता येतील.