मकारोव्हला नेमकं हवं तरी काय होतं?

पीएच.डी.चा विषय विचारला आणि मी ‘युद्धाच्या व्हिडिओ गेममधले खलनायक’ असं सांगितलं, की नागपुरात दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘याच्यावर पीएच.डी. पण होते काय भाऊ?’ आणि दोन, ‘मग मकारोव्ह भारी की मेनेंडेझ?’ पहिल्या प्रश्नावर मी चहा मागवतो. दुसऱ्याचं उत्तर इथे देतो, कारण माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यावरच उभं आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ अजून खेळायचा असेल तर इथेच थांबा. पुढे सगळे शेवट फोडणार आहे.

आधी एक जुना भेद सांगतो. ई. एम. फॉर्स्टरने 1927 साली गोष्ट आणि कथानक वेगळं केलं. एकामागून एक घडतं ती गोष्ट. एकामुळे दुसरं घडतं ते कथानक. गोळीबाराच्या गेममध्ये ‘मग काय झालं’ याला तोटा नसतो. पूल कोसळतो, हेलिकॉप्टर पडतं, व्हाइट हाउस जळतं. अडतं ते ‘कशामुळे’पाशी.

2009च्या ‘मॉडर्न वॉरफेअर टू’मधला जनरल शेफर्ड घ्या. पाच वर्षांपूर्वी एका अणुस्फोटात त्याची तीस हजार माणसं क्षणात गेली आणि जग बघत राहिलं. (तो स्फोट आपण 2007च्या गेममध्ये स्वतः अनुभवलेला असतो, म्हणून हे दुःख खोटं वाटत नाही.) आता त्याला देश पेटून उठायला हवाय आणि त्यासाठी युद्ध हवंय. इथवर पटतं. पण मकारोव्हलाही युद्धच हवंय! तो मॉस्कोच्या विमानतळावर कत्तल करतो, टोळीत घुसलेल्या अमेरिकन हेराला, म्हणजे खेळणाऱ्यालाच, गोळी घालतो आणि प्रेत पुरावा म्हणून टाकून जातो. रशिया अमेरिकेवर चालून जातो. हा हेर आहे हे त्याला कळलं कसं? गेम धडपणे सांगत नाही. दोन शत्रू एकच काम करताहेत आणि दोघांना जोडणारा धागा आपण आपल्या मनाने ओवायचा, असा हा कारभार.

पुढचा भाग येण्याआधी, मार्च 2010मध्ये, स्टुडिओचे प्रमुख जेसन वेस्ट आणि व्हिन्स झॅम्पेला यांना अ‍ॅक्टिव्हिजनने काढलं आणि त्यांच्यामागे बरेच लोक गेले. 2011चा तिसरा भाग दुसऱ्या एका स्टुडिओच्या मदतीने झाला. त्याची सुरुवात चक्क आपल्या हिमाचलमध्ये होते आणि तिथेच युरी नावाचा नवा गडी आपल्या हाती येतो. नंतर कळतं, की हा 1996ला प्रिप्यातमध्ये होता, अणुस्फोटाच्या वेळी मकारोव्हच्या शेजारी होता, विमानतळावरही होता! आधीच्या दोन्ही भागांत याचा मागमूस नाही. याला रेटकॉन म्हणतात, मी ठिगळ म्हणतो. युरीचा पश्चात्ताप चांगला लिहिलाय, पण या सगळ्या खटाटोपातून मकारोव्हचं ‘का’ काही सापडत नाही. राख झाली तरी चालेल, पण युरोप हवा, एवढंच. आणि त्या हिमाचलच्या गावातली माणसं? त्यांच्या गल्ल्या फक्त गोळीबाराला आडोसा म्हणून.

आता मेनेंडेझ. 2012च्या ‘ब्लॅक ऑप्स टू’चं कथानकही कमी गुंतलेलं नाही. 1980चं दशक आणि 2025 यांच्यात उड्या, ड्रोनची सेना, खेळणाऱ्याच्या निवडीवर बदलणारे शेवट. तरी ते सुटत नाही, कारण खुंटी एकच आहे, त्याची बहीण होसेफिना. विम्याच्या पैशांसाठी एका अमेरिकन माणसाने लावलेल्या आगीत ती लहानपणी भाजते. 1986मध्ये निकाराग्वात वूड्सने त्याच्यावर फेकलेला ग्रेनेड तिच्या खोलीत जातो. त्या मिशनमध्ये आपण आधी मेसन असतो, मग काही मिनिटं खुद्द मेनेंडेझ. तिच्याकडे धावत सुटलेला तो आंधळा संताप आपल्याच बोटांत येतो. पुढे 1989च्या पनामात तो वूड्सच्या दुर्बिणीसमोर तोंड झाकलेला माणूस उभा करतो. आपण खटका ओढतो. तो माणूस मेसन निघतो. सूड त्याचा आणि हात आपला. हे सिनेमाला जमणार नाही.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. झोपलेल्यांना कापणाऱ्या अश्वत्थाम्याला कोणी माफ करत नाही, पण द्रोणांना कोणत्या खोटेपणाने शस्त्र खाली ठेवायला लावलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून तर सातपुड्यात तो अजून जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात. मकारोव्हला कोण तेल देईल?

काहीजण म्हणतील, गोळ्या झाडायच्या गेममध्ये एवढं कशाला पाहता. पण एका संध्याकाळी आपण शेकडो माणसं पाडतो ना, राजेहो! समोरच्याला कारणच नसेल, तर ती माणसं राहत नाहीत, नुसता नेम धरायचा सराव होतो. 26 जानेवारी 2021ला आलेला आपला ‘फौजी’ गलवानवर बेतलेला होता. त्यात हाणामारी होती, शत्रू मात्र नुसते पुढे येत होते. 2022च्या नव्या ‘मॉडर्न वॉरफेअर टू’मध्ये शेफर्डही परतला, पण त्याचे तीस हजार जवान गायब. आता तो चोरीला गेलेल्या क्षेपणास्त्रांचं लफडं झाकणारा एक साहेब आहे. असे साहेब आपल्याला कुठल्याही कचेरीत भेटतात. त्याच्यासाठी दोन गेम आणि एक अणुस्फोट खर्च करायची गरज नव्हती.