आपला नाट्येतिहास आणि रेजिना फर्नांडिस

धाराशिवने अवघ्या तीन वर्षांच्या अवधीत दोन मोठी संमेलने पाहिली. २०१७ च्या एप्रिलमध्ये येथे ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि जानेवारी २०२० मध्ये ९३ वे साहित्य संमेलन. त्याचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. शहराचे अधिकृत नाव तेव्हा उस्मानाबाद होते. एका कॅथलिक धर्मगुरूला मिळालेला हा मान आपल्या घराघरांतून अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगताना फादर स्टीफन्सांचे ‘ख्रिस्तपुराण’, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ही नावे ओघानेच येतात. ही यादी पुस्तकांपाशी थांबते. ख्रिस्ती माणसाने या मुलखात एक रंगभूमीही उभी केली, याची आठवण आपल्याला सहसा होत नाही. आणि त्या रंगभूमीवर १९०४ साली उभ्या राहिलेल्या एका स्त्रीची तर नाहीच नाही.

ती स्त्री म्हणजे रेजिना फर्नांडिस. कोकणी तियात्राच्या रंगमंचावर आलेली पहिली अभिनेत्री. तियात्र हा प्रकार आपल्याकडील वाचकांना फारसा परिचित नसेल, म्हणून थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘तियात्र’ हा शब्द पोर्तुगीज ‘तेआत्रु’वरून आला. साधारण सहा-सात पडदे, म्हणजे प्रवेशांचे गट. दोन पडद्यांच्या मध्ये बँडच्या साथीने म्हटलेली ‘कांतारां’, म्हणजे गाणी. आणि त्या गाण्यांचा कथानकाशी संबंध असलाच पाहिजे असे बंधन नाही. विनोद, गाणे आणि समाजावरील टीका यांचे हे मिश्रण गोव्याचे खरे, पण त्याचा जन्म मुंबईत झाला. इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर हिंडून आलेल्या लुकाझिनो रिबेरो यांनी १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुर्गो’ हा पहिला तियात्र सादर केला. त्यात त्यांचे एक सहकारी होते जुआंव आगुस्तिन फर्नांडिस. हे मडगावचे, जन्म १८७१ चा. पुढे अनेक तियात्र लिहून ते ‘पाय तियात्रिस्त’, म्हणजे तियात्राचे जनक, म्हणून ओळखले गेले. रेजिना त्यांची पत्नी. १९०४ मध्ये त्यांच्याच ‘भाटकारा’ या तियात्रात ती रंगमंचावर आली. भाटकार म्हणजे जमीनदार. त्याने आपल्या मुंडकारांचा, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळांचा, चालविलेला छळ हा त्या नाटकाचा विषय.

या सालाचे महत्त्व कळण्यासाठी शेजारच्या मराठी रंगभूमीकडे पाहावे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० चे, ‘सौभद्र’ १८८२ चे. सौभद्रासारख्या प्रसन्न, हसत्याखेळत्या नाटकातील सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी गाजविली. रेजिना रंगमंचावर आली त्याच्या पुढल्याच वर्षी, १९०५ मध्ये, नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले, आणि त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ मराठी स्त्रीने कसे नेसावे, कसे चालावे, कसे लाजावे याचा आदर्श एका पुरुषाने घालून दिला. बालगंधर्वांच्या गाण्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका साळुंके यांना द्यावी लागली. हिराबाई बडोदेकरांनी स्त्रीपुरुष एकत्र काम करणारी नाटक मंडळी काढली ती १९२९ मध्ये. ‘आंधळ्यांची शाळा’मधून ज्योत्स्नाबाई भोळे आल्या १९३३ मध्ये. मराठीत निव्वळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या त्याआधीही होऊन गेल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. पण त्यांतील बहुतेक स्त्रिया कलावंतिणींच्या घरातून आलेल्या असत, आणि समाज त्यांचे गाणे ऐकूनही त्यांना दाराबाहेरच ठेवीत असे.

रेजिनाचे वेगळेपण मला येथे दिसते. ती लग्नाची बायको होती, आणि पतीच्या शेजारी, पतीच्याच नाटकात, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर उभी राहिली. तुळजाभवानीच्या या जिल्ह्यात बाईने चारचौघांत गावे याचे कुणाला नवल वाटणार नाही. आराधी स्त्रिया झांज-तुणतुण्यावर पिढ्यान्पिढ्या गात आल्या आहेत. परंतु देवीच्या दारी गाणे निराळे आणि तिकिटाच्या खेळात गाणे निराळे. पहिल्यात भक्तीचे संरक्षण असते. दुसऱ्यात बाईला स्वतःच्या नावावर उभे राहावे लागते. आपल्या देवळातील गायनमंडळात पुढे उभी राहून गाणारी मुलगी नाटकात गायची म्हटली की आजही काही घरांत कपाळाला आठी पडते; मग १९०४ ची गोष्ट काय सांगावी!

टीकाकाराच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. पुरुषाने लुगडे किंवा झगा घातला की विनोदी नाटकात निम्मा हशा त्या वेषालाच मिळतो. स्त्री ही थट्टेची वस्तू होते. तिचे भांडण, तिचा हट्ट, तिचे रडणे, सारेच हास्यास्पद. खरी स्त्री समोर आली की हा फुकटचा हशा बंद होतो, आणि लेखकाला विनोद संवादात व प्रसंगात शोधावा लागतो. ‘भाटकारा’सारख्या विषयात तर हे अधिकच खरे. कुळाच्या घरातील बाईचे दुःख मिशा काढलेल्या पुरुषाने सांगणे आणि एका बाईने सांगणे यांत, प्रेक्षकाच्या मनावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने, महदंतर आहे. जुआंव आगुस्तिन यांना सुधारक म्हणून गौरविताना त्यांच्या लेखणीकडे बोट दाखविले जाते. माझ्या मते त्यांचे सर्वांत धीट नाट्यविधान कागदावर नव्हतेच. ते रेजिनाच्या रूपाने रंगमंचावर होते, आणि त्याचा अर्धा वाटा तिचा आहे. असे असूनही इतिहासात त्यांना प्रकरणे मिळाली, तिला एक वाक्य. आणि तेही ‘त्यांची पत्नी’ या शब्दांनी सुरू होणारे.

तियात्र कोकणी, तर मराठी नाट्येतिहासात त्याचा विचार कशाला, असे कुणी म्हणेल. मुंबईच्या नाटकगृहांना असा भाषाभेद ठाऊक नव्हता. किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना पारशी मंडळीच्या खेळावरून सुचली असे सांगतात. ‘आंधळ्यांची शाळा’ बियर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावर बेतलेली होती. पारशी आणि नॉर्वेजियन ऋण मान्य करणाऱ्या आपल्या इतिहासकारांनी गिरगावालगतच्या धोबीतलावावर, गोवेकरांच्या कुडांतून राहणाऱ्या खलाशी, आचारी आणि वाजंत्री यांच्या रंगभूमीकडे पाहू नये, हे चमत्कारिक आहे. दोष एकट्या त्यांचाही नाही. तियात्र हलका, गावरान, असे म्हणणारे सुशिक्षित कॅथलिकही थोडे नव्हते.

रेजिनानंतर सारे दरवाजे एकदम उघडले, असेही समजू नये. पुरुष स्त्रीभूमिका पुढेही करीत राहिले, आणि नटींची संख्या वाढायला काही दशके जावी लागली. मोहना, ऑफेलिया, आंतोनेत मेंडिस, रिटा रोज ही नावे त्यानंतरची. त्यांचे आवाज ध्वनिमुद्रिकांवर आहेत, आणि रिटा रोज यांची आल्फ्रेड रोज यांच्याबरोबरची द्वंद्वगीते गोव्याच्या घरांतून अजून ऐकू येतात. त्यांच्या गायकीविषयी स्वतंत्रपणेच लिहावे लागेल.