पाद्री स्टीफन्सची दोन पत्रे

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, फादर थॉमस स्टीफन्स आपल्या व्यासपीठांवर हमखास अवतरतात. मोगऱ्याची आणि कस्तुरीची उपमा म्हणून दाखविली जाते, एका इंग्रजाने मराठीची थोरवी गायिली म्हणून आपण सुखावतो आणि वर्षभरासाठी त्यांना पुन्हा फडताळात ठेवून देतो. ‘ख्रिस्तपुराणा’च्या सुमारे अकरा हजार ओव्यांपैकी आपल्या धर्मग्रामांतून किती वाचल्या जातात, हा प्रश्न येथे नको. मला बोलायचे आहे ते त्यांच्या पत्रांविषयी.

त्याला निमित्त घरगुती आहे. माझी एक भाची तळेगाव दाभाड्याहून केनियात, संन्यस्त भगिनींच्या मिशनकार्यात स्वयंसेविका म्हणून गेली. तिचे निरोप येतात ते पाण्याच्या टंचाईविषयी, मक्याच्या उगालीविषयी, मुलांचे बोलणे न समजल्याने वाटणाऱ्या लाजेविषयी. धर्मकार्याचा उल्लेख जवळजवळ नसतो. तिच्या आईला याची खंत वाटते. मला वाटली नाही, कारण मला स्टीफन्स आठवले.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले स्टीफन्स २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. १० नोव्हेंबरला त्यांनी लंडनला वडिलांना पत्र लिहिले. रिचर्ड हॅक्लूटने ते पुढे आपल्या प्रवाससंग्रहात छापले. तीस वर्षांच्या या येशूसंघीयाकडून भक्तिपर निवेदनाची अपेक्षा करणाऱ्याची निराशा होईल. त्यात वारे आहेत, मासे आणि पक्षी आहेत, केप ऑफ गुड होपचा खवळलेला समुद्र आहे. हिरड्या इतक्या सुजतात की त्या कापाव्या लागतात, पाय सुजतात, हात हलेनासे होतात, हे ते वैद्याच्या अलिप्ततेने नोंदवतात. दीडशेहून अधिक आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. इतर सफरींच्या मानाने ही हानी फार मानली गेली नाही, असेही सांगतात. स्वतःची प्रकृती ठीक राहिल्याबद्दल देवाचे आभार मानतात, आणि लगेच पुढे जातात.

पत्राच्या अखेरीस एक साधे विधान आहे : युरोपात पाहिलेले एकही झाड येथे दिसले नाही, अपवाद फक्त द्राक्षवेलीचा, आणि तीही येथे निरुपयोगी. द्राक्षारस सारा पोर्तुगालहून येतो. रोज मिस्सेत सहभागी होणाऱ्या माणसाने द्राक्षवेलीची ही नोंद सहज केली असेल, असे मला वाटत नाही. परकेपणाविषयी याहून अधिक ते काही बोलत नाहीत. याच पत्रात गोव्याच्या लोकांचे वर्णन मात्र रंग आणि कपडे यांपलीकडे जात नाही. पंधरवड्याच्या पाहुण्याची ही नजर आहे, आणि ती उथळ आहे हे मान्य केलेच पाहिजे.

दुसरे पत्र २४ ऑक्टोबर १५८३ चे, भाऊ रिचर्डला लिहिलेले. मधल्या चार वर्षांत डोळे बदलले आहेत. जिला नावही नव्हते ती वनराई आता ओळखीची झाली आहे. माडापासून तेल, ताडी, गूळ, साखर, शिर्का, दोर काय काय निघते ते स्टीफन्स संसारी माणसाच्या कौतुकाने सांगतात. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळते, ही त्यांची नोंद याच पत्रातली. विल्यम जोन्सचे सुप्रसिद्ध व्याख्यान त्यानंतर दोन शतकांनी, १७८६ साली झाले.

पण तारखेकडे पुन्हा पाहावे. त्याच वर्षी २५ जुलैला कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ अक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. साष्टीत त्याआधी देवळे पाडली गेली होती, लोक संतापलेले होते. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. हुतात्म्यांचे स्मरण आपण करतो; त्या प्रमुखांचे नाव आपल्या नियतकालिकांतून क्वचितच येते. स्टीफन्स या साऱ्याच्या बाहेर नव्हते. ज्या सत्तेच्या आश्रयाने ते साष्टीत राहिले, तिचेच हे कृत्य होते. त्यांच्या भाषाप्रेमाचे गोडवे गाताना हे झाकणे म्हणजे त्यांनाच लहान करणे होय.

‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? हा प्रसंग केवळ प्रास्ताविक म्हणून वाचला जातो. मला त्यात तक्रार ऐकू येते, आणि ती लिहून ठेवणाऱ्याचा प्रामाणिकपणाही. १६१६ साली रायतूर येथे छापलेला ग्रंथ हे त्या तक्रारीचे उत्तर होते. ते लिहायला सदतीस वर्षांचा सहवास लागला.

त्या वर्षांतल्या दिनक्रमाची रोजनिशी आपल्यापाशी नाही. मात्र त्यांचे कोकणीचे व्याकरण आहे, मृत्यूनंतर १६४० साली छापलेले. माझ्या मते तेच त्यांचे खरे आत्मचरित्र. व्याकरण लिहिणाऱ्याने आधी हजार वेळा चुकावे लागते, आणि चूक दुरुस्त करणारे कोणीतरी समोर असावे लागते : मुले, बाया, माडावर चढणारे रेंदेर. शिकवणुकीसाठी त्यांनी त्यांची कोकणी घेतली आणि पुराणासाठी मराठी. हा विवेक पुस्तकातून येत नाही.

शांताराम बंडेलूंनी १९५६ साली आणि फादर नेल्सन फलकाव यांनी २००९ साली पुराण देवनागरीत आणून मोठे उपकार केले. आता त्याच्या शेजारी ही दोन पत्रेही घराघरांत हवीत. मुलगी परदेशी मिशनवर गेलेल्या आईने तर ती आधी वाचावीत. भाचीचा परवाचा निरोप होता : आवारातले आंब्याचे झाड तेवढे ओळखीचे निघाले, त्याला स्वाहिलीत एंबे म्हणतात.