प्रतिलेखनाच्या नियमनात प्रथिन व आरएनए : एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन स्तरावर जनुक-नियमनाचा विचार प्रामुख्याने प्रथिनांच्या अंगाने मांडला जातो. प्रथिन डीएनएवर बसते, जनुक कार्यान्वित अथवा बंद होते आणि आरएनए केवळ निरोप्या ठरतो. १९६१ मध्ये फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनी ओपेरॉनची संकल्पना मांडताना जनुकास रोखणारा रेणू आरएनए असावा, अशी शक्यता वर्तविली होती. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट व बेन्नो म्युलर-हिल यांनी लॅक ओपेरॉनमधील हा रेणू वेगळा केला, तेव्हा तो प्रथिन असल्याचे सिद्ध झाले. एका जीवाणूच्या एका ओपेरॉनविषयीचा हा निष्कर्ष पुढे सर्वसाधारण नियमाप्रमाणे शिकविला गेला. आज मात्र आरएनएला सर्वत्र नियामक ठरविण्याकडे कल दिसतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही भूमिकांची चिकित्सा केली आहे.

विवेचन

मानवी पेशीत अनेक जनुकांवर आरएनए पॉलिमरेज-२ हे विकर प्रतिलेखनास आरंभ करून थोड्याच अंतरावर थबकते. त्यास पुढे जाऊ देण्याचे कार्य पी-टेफबी हे प्रथिन-संकुल करते. सुमारे ३३० न्यूक्लिओटाइडांचा ७एसके आरएनए या संकुलास बांधून निष्क्रिय ठेवतो, असे २००१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखविले. पुढे या बंधनात हेक्सिम-१ या प्रथिनाचा सहभाग स्पष्ट झाला. ७एसकेशी जोडले गेल्यावरच ते पी-टेफबीला रोखू शकते. येथे केवळ बंध आढळला, एवढ्यावर संशोधक थांबले नाहीत. ७एसके नष्ट केल्यास पी-टेफबी पुन्हा क्रियाशील होते, हेही त्यांनी तपासले. म्हणूनच येथील आरएनएची नियामक भूमिका सर्वमान्य ठरली.

याउलट उदाहरण एक्सिस्ट आरएनएचे आहे. सस्तन मादीच्या पेशीतील एक एक्स गुणसूत्र या आरएनएमुळे निष्क्रिय होते. तो पीआरसी-२ या प्रथिन-संकुलास थेट बांधून गुणसूत्रावर आणतो, अशी मांडणी २००८ मध्ये झाली आणि ती पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांपर्यंत पोहोचली. परंतु परीक्षानळीत पीआरसी-२ अनेक असंबद्ध आरएनएंनाही चिकटते, असे २०१३ मध्ये दिसून आले. २०१५ मध्ये एक्सिस्टशी थेट जोडले जाणारे स्पेन हे प्रथिन प्रतिलेखन थांबविण्यास आवश्यक असल्याचे स्पष्ट झाले. २०१७ च्या संशोधनानुसार पीआरसी-२चे आगमन पीआरसी-१ या दुसऱ्या संकुलाच्या मार्फत, म्हणजे अप्रत्यक्षपणे होते. २०२४ मध्ये तर जिवंत पेशीत पीआरसी-२ आरएनएला थेट बांधतच नसावे, असा निष्कर्ष अधिक कठोर शुद्धीकरण-पद्धतीच्या आधारे मांडण्यात आला. अन्य संशोधक मात्र पीआरसी-२च्या कार्यास आरएनए आवश्यक मानतात.

समारोप

यावरून असे म्हणता येईल की, बंध आढळणे आणि नियमन सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तो बंध जिवंत पेशीत प्रत्यक्ष असतो काय आणि तो तोडल्यास प्रतिलेखन बदलते काय, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणत्याही आरएनएला नियामक म्हणणे घाईचे ठरेल. अध्यापकाचे दायित्वही येथेच आहे. आकृती फळ्यावर काढताना तिच्यामागील प्रयोग विद्यार्थ्यांपुढे ठेवला नाही, तर जुन्या एकांगी समजुतीच्या जागी नवी एकांगी समजूत रुजविण्याचे श्रेय आपल्याकडेच येईल.